रंगाऱ्याच्या घरची काळी भिंत

लोकांच्या भिंती चकाचक करणाऱ्या रंगाऱ्याच्या स्वतःच्या निजायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशीच भिंत काळी पडली होती. माणूस कामाचा पक्का, पण हट्टी म्हणजे किती! अधूनमधून तो पत्र्याने भिंत खरवडायचा, पुट्टी भरायचा, रंगाचे दोन हात मारायचा आणि मागे सरून म्हणायचा, "संपला विषय."

विषय कसला संपतोय! काळं पुन्हा वर यायचं, आणि बायकोचा खोकलाही.

"अहो, बुरशी आहे ही. कुबट वास येतोय."

"बुरशी पावाला येते. भिंतीला डाग पडतो. धंदा कोणाचा, तुझा की माझा?"

"धंदा तुमचा, पण नाक माझं आहे!"

तो हसला आणि खरवडत राहिला. काळी भुकटी खोलीभर उडत होती, गार वारा नको म्हणून खिडकी बंद, आणि बायको तिथेच पांघरूण ओढून पडलेली.

हळूहळू ती जिना चढताना थांबू लागली. मग बोलता बोलताही. डॉक्टरबाईंनी छाती तपासली; धूळ, कबुतरं, विड्या, सगळं विचारलं. "घरात बुरशी वगैरे?"

"छे! रंगाऱ्याचं घर आहे, बाई."

तो खोटं बोलला नाही, हीच तर पंचाईत. त्याच्या लेखी घरात डाग होता, आणि डागाचं कोणी विचारलंच नव्हतं. बायकोला मात्र परक्या माणसासमोर नवऱ्याला तोंडघशी पाडणं जिवावर आलं. तिने बुरशीचं नावच काढलं नाही. नको तिथे शहाणपण!

औषधं बदलत गेली. हवापालट म्हणून ती बहिणीकडे राहिली, तर खोकला निम्म्यावर आला. रंगारी खुशीत तिला घरी घेऊन आला, आणि आठवडाभरात तिचे ओठ निळे पडले.

तिला दवाखान्यात ठेवून डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "बहिणीकडे बरं वाटतं, घरी श्वास अडकतो. तुमच्या घरात आहे तरी काय?"

"काही नाही हो. उशाशी भिंतीला जरा डाग..."

"कसला?"

"काळा. खरवडतो, रंग देतो. पुन्हा येतो."

"बोट फिरवलं तर बोटाला लागतो?"

रंगारी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

"ओलीवर वाढते ती बुरशीच, दादा. कोरडी खरवडून तुम्ही ती त्यांच्या छातीत घातलीत."

फुप्फुसांना वण पडले होते. औषधाने सूज उतरेल, वण राहतील, असं बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मग खिडक्या सताड उघडून, तोंडाला मास्क लावून, त्याने प्लंबरच्या मदतीने भिंत फोडली. पलीकडच्या न्हाणीघराचा पाइप आतल्या आत झिरपत होता. पाइप बदलला, ओलं प्लास्टर उतरवलं, गादी फेकली, भिंत खडखडीत वाळेपर्यंत ब्रशला हात लावला नाही. आणि मगच, दवाखान्यातून सुटून बहिणीकडे राहायला गेलेल्या बायकोला आणायला गेला.

"चल. आता तिथं काही नाही."

"हे तुम्ही आधीही म्हणायचात."

"अगं, भिंत फोडून बघितली या वेळी!"

"रागावले नाहीये हो." ती दम घ्यायला थांबली. "मला त्या खोलीची भीती वाटते. आधी तुम्ही झोपून बघा तिथं. माझं नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

ती नुसती मान हलवत राहिली. बोलण्याइतका श्वास उरला नव्हता. तिचे कपडे न्यायला आणलेली पिशवी त्याने घडी करून खिशात घातली आणि एकटाच जिना उतरला.