शब्बीरभाई आणि मॉलची लिफ्ट

शब्बीरभाई काल गेले. झोपेतच.

यवतमाळच्या आर्णी रोडवर आमचा तो मॉल आहे ना, त्यातले ते सगळ्यात जुने दुकानदार. पहिल्या मजल्यावर, लिफ्टला लागून छोटासा गाळा. पॅन्टची लांबी कमी करा, चेन बदला, ब्लाउज सैल करा, असं अल्टरेशनचं काम.

लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. मॉलमध्ये चाकांची खुर्ची, बाहेर तीन चाकांची स्कूटर. शिलाई मशीनच्या मोटरचं बटन त्यांनी कोपराजवळ बसवून घेतलं होतं.

मॉल उघडला तेव्हा मी नुकतीच बी.कॉम. झालेली. खाली कपड्यांचं मोठं शोरूम आलं, मी तिथं बिलिंगला लागले. अल्टरेशनसाठी शोरूमवाल्यांनीच शब्बीरभाईंना आणलं होतं.

लोक तेव्हा कपडे घ्यायला कमी आणि सरकता जिना पाहायला जास्त यायचे. बाया साडीचा काठ मुठीत धरून जिन्यासमोर उभ्या राहायच्या, आणि कोणीतरी मागून म्हणायचं, "टाक नं पाय."

मग शोरूम गेलं. सेल लागला, संपला आणि कपड्यांचे पुतळे टेम्पोत आडवे घालून नेले.

त्या जागी गेम झोन आला. मी तिकीट काउंटरवर. गेमच्या गाड्यांच्या सीटा फाटल्या की कव्हर शिवायचे शब्बीरभाई.

गेम झोन गेला, कोचिंग क्लास आला. पडदे शब्बीरभाईंचे.

क्लास गेला, लग्नाचा एसी हॉल आला. ऐन वेळी नवरदेवाची शेरवानी पोटावर बसेना, की पहिल्या मजल्यावर फोन.

दर नव्या भाडेकरूच्या उद्घाटनाला ते पेढा खायचे आणि मला हळूच विचारायचे, "टिकन का हे?"

मला मात्र भलतंच कुतूहल होतं. सगळे येतात, जातात. हा माणूस जात का नाही?

एकदा चहा पिताना विचारलंच.

"शब्बीरभाई, काहून थांबले इथी? मेन लाइनच्या बाजारात दुकान घ्या नं. गिऱ्हाईक तं सारं तिकडेच हाये."

"होतं नं तिकडे. लय वर्षं होतं."

"मग?"

"तिकडे मी दिवसभर पाणी पेत नव्हतो, बेटा."

मला काही कळलं नाही.

"दुकानाले पायऱ्या. पेशाब लागली तं दोघा जणांनी उचलून न्या लागे. पाणीच नाई पेलं तं झंझटच नाई. उन्हाळ्यातबी तसंच. किडनीत खडे झाले मंग. इथी रॅम्प हाये, लिफ्ट हाये, खुर्ची आत जाते असं बाथरूम हाये. कोणाले आवाज द्या लागत नाई."

एवढं बोलून त्यांनी सुईत दोरा ओवला.

लॉकडाऊननंतर मॉल ओस पडला. हॉल बंद. खालचा मजला गोडाऊनला गेला. वर फक्त शब्बीरभाई आणि मी. मी तेव्हा एमपीएससीच्या पोरांसाठी अभ्यासिका सुरू केली होती.

मॉलचे शेठ नागपूरला राहतात. त्यांनी लिफ्ट बंद केली. दोन दुकानांसाठी परवडत नाही म्हणाले.

अभ्यासिकेतली पोरं चांगली. "चाचा, आम्ही नेतो," म्हणाली आणि खुर्चीसकट उचलून वर आणलं. दोन-तीन दिवस असं चाललं.

मग शब्बीरभाई आलेच नाहीत. मी फोन केला.

"लेकरांवर राग नाई बेटा. पण मी सामान नाई होय."

त्यानंतर त्यांची स्कूटर गावात कुठं कुठं दिसायची. कधी दवाखान्यांच्या गल्लीत, कधी बसस्टँडजवळ. मला वाटलं, नवीन गाळा शोधून राह्यले.

ते भाडेकरू शोधत होते. मॉलसाठी.

त्यांच्या मुतखड्याच्या डॉक्टरांना डायलिसिस सेंटर काढायचं होतं आणि जागा मिळत नव्हती. हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं आणि थेट दवाखान्यात गेले.

"डॉक्टरसाहेब, डायलिसिसचा पेशंट जिना चढन का? आमच्या मॉलले लिफ्ट हाये. बंद हाये, पण हाये."

डॉक्टर जागा पाहायला आले. तिथूनच शेठला फोन लावला, स्पीकरवर. शेठनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "शब्बीर, यात तुमचा काय फायदा?"

"मले माह्या दुकानात जाचं हाये, शेठ."

पहिल्या मजल्यावर डायलिसिस सेंटर आलं आणि लिफ्ट सुरू झाली. शब्बीरभाई परत आले. दुकानाचं कुलूप तेवढं गंजलं होतं, ते पोरांनी तोडून दिलं.

डायलिसिसला लोक पार ढाणकीहून येतात. सुई टोचायला हात उघडा ठेवावा लागतो, वर एसी. एका म्हाताऱ्याला कुडकुडताना पाहून शब्बीरभाईंनी त्याचा सदरा मागून घेतला आणि बाहीला वरून खालपर्यंत चेन लावून दिली. हवी तेवढीच उघडायची.

मग सगळेच आपले सदरे, स्वेटर घेऊन यायला लागले. काम इतकं वाढलं, की रुखसानाभाभी घरी बसून काजबटन करायच्या. शब्बीरभाईंच्या घरच्या.

काल कब्रस्तानात डॉक्टर होते. अभ्यासिकेतली पोरं होती, त्यातला एक तर आता तलाठी आहे. आणि सेंटरमधून सरळ आलेले दोन पेशंट होते, हाताला पट्टी तशीच.

आज सकाळी शेठचा फोन आला. वाईट वाटलं म्हणाले. खरंच वाटलं असावं. मग विचारलं, "तो गाळा आता रिकामा होईल ना? मोबाइलवाला मागतोय."

मी म्हटलं, विचारून सांगते.

संध्याकाळी भाभींकडे गेले. बाया बसल्या होत्या, म्हणून कानाजवळ जाऊन विचारलं.

भाभी म्हणाल्या, "ढाणकीवाल्या बाबांचं स्वेटर अर्धं राह्यलं हाये. इद्दतचे चार महिने दहा दिवस झाले का मीच बसतो दुकानात. तोवर चावी तुह्यापाशी ठेव."

चावी माझ्याकडे आहे.

शब्बीरभाई, सुखानं जा. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यांचा तुम्हाला सलाम.