डाव्या गालातला चौकोन

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, माझ्याइतकी हुशार सून अख्ख्या कोल्हापुरात नाही. मिश्रीची डबी ज्वारीच्या कणगीत लपवायची, चिमूटभर डाव्या गालात दाबायची आणि सासूबाईंसमोर जाण्याआधी दोन लवंगा चघळायच्या. सासूबाई गेल्या. डबी राहिली, लवंगाही राहिल्या.

परवा गल्लीतल्या तालमीच्या हॉलमध्ये तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली होती. सून मला घेऊन गेली. निघताना मी काय केलं असेल? मिठानं दात घासले आणि दोन लवंगा तोंडात टाकल्या. वय सत्तरीचं, अक्कल अजून अठराचीच.

तपासणीला बसलेल्या आरोग्य खात्याच्या आशाताईंनी विचारलं, "आजी, मिश्री लावता?"

"न्हाय की."

सून शेजारीच उभी. दुसरं काय सांगणार? ताईंनी वहीत तसंच लिहिलं, मला आ करायला लावला आणि मोबाईलनं तोंडातले फोटो घेतले. मोबाईलला लवंगेचा वास येत नाही, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. पडद्यावर माझा गाल दिसला आणि त्यावर लाल चौकोन उमटला. बरोब्बर चिमटीच्या जागी. आत पांढुरका चट्टा. इतकी वर्षं माझ्याच तोंडात असलेली ती जागा मी पहिल्यांदा पाहिली.

याला कसं कळलं, म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, हजारो माणसांच्या तोंडांचे फोटो दाखवून त्यातल्या ॲपला शिकवलंय. ते नुसतं बोट दाखवतं, ठरवायचं डॉक्टरांनी.

डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस मी डबीकडे फिरकले नाही. डोळ्यांपुढे सारख्या अनोळखी बाया यायच्या, आ करून बसलेल्या. कुठल्या गावच्या, कोण जाणे. एखादीला उशीरही झाला असेल. त्यांच्या तोंडांवरून माझं तोंड ओळखलं गेलं होतं. देवळात हात जोडताना नेमके कुणाला जोडतेय, तेच मला कळेना.

कॅन्सर नव्हता, पण चट्टा त्या वाटेला लागला होता. मिश्री आजपासून बंद आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

तुमचाही फोटो शिकवायला ठेवू का, असं ताईंनी विचारलं. ठेवा म्हटलं, पण आधी वही उघडायला लावली. सून ऐकत होती. ऐकू दे.

"ते 'नाही' खोडा. पन्नास वर्सं लावतीया म्हणून लिवा. त्येला तरी खोटं शिकवू नगा."