पित्ताच्या पिशवीचे दोन फोटो

राज्यांची फेररचना झाली, ह्यांची नागपूरची कचेरी भोपाळला हलली आणि फायलींच्या मागोमाग आम्हीही आलो. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं, की कणीक मळता मळता मी परातीवरच वाकायची. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या पिशवीत खडे असावेत. आता "असावेत" एवढ्यावर कोण पोट कापून घेईल? आधी दाखवा, मग कापा, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

ही पिशवी एक्सऱ्यात आपली आपण दिसत नाही. आदल्या संध्याकाळी औषध घ्यायचं, ते पित्तात उतरतं, मग सकाळच्या फोटोत ती उजळते. पहिल्यांदा पूड दिली, पाण्यात कालवून. शी! नाक दाबून प्यायले, पण उलटू दिली नाही. तरी फोटो कोरा.

"पाउडर पुरानी चीज़ है, बहनजी," डॉक्टर म्हणाले. "अब नई गोलियाँ देंगे. उससे भी न दिखे तो थैली बेकार समझो. सीधे ऑपरेशन."

घरी आल्यावर मला शंका आली. त्या संध्याकाळी तूपतेल वर्ज्य होतं. स्निग्ध काही पोटात गेलं की पिशवी आकसते, औषध बाहेर ढकलते.

"आई, त्या दिवशी भातावर तूप वाढलं होतंत?" मी सासूबाईंना विचारलं.

"वर नाही गं. मुदीखाली, चमचाभर. आजारी सुनेला कोरडा भात वाढायला हात धजेना."

रागावले, मग हसूच आलं. दुसऱ्या वेळी मात्र ताट मीच वाढून घेतलं. सासूबाई वाटी घेऊन उभ्याच.

"एवढंस्सं?"

"थेंबही नाही."

"हट्टी आहेस."

"आहेच."

मग सहा गोळ्या, पाच-पाच मिनिटांनी एक. पुडीपेक्षा फार सोप्या, खोटं कशाला बोलू.

सकाळच्या फोटोत लहान वांग्याएवढी पांढरी पिशवी लख्ख दिसली.

"देखा, नई दवा का कमाल!" डॉक्टर खूश.

"पुरानी को दोष मत दीजिए, डॉक्टरसाहब. उस दिन सासूजी ने चावल में घी छिपाया था."

सोबत आलेल्या सासूबाईंनी मागून चिमटा काढला.

पिशवीत तीन काळे ठिपके होते. तेच खडे. मी नीट पाहून घेतले, एकेक मोजला.

"अब निकालिए," मी म्हणाले.

ह्यांनी संमतीच्या कागदावर सही करायला पेन उघडलं.

"द्या इकडे," मी म्हटलं. "पोट माझं आहे."