दुकान वाढवायचंय

नणंदेनं द्रोणागिरीला फ्लॅट घेतला, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघं पुण्याहून गाडीनं निघालो. पनवेल जवळ आलं तसं मी नवऱ्याला म्हटलं, गाडी जुन्या बाजारात घे, तिथल्या दुकानातून पनीर न्यायचंय. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या मते पनीर डेअरीच्या फ्रीजमध्ये मिळतं, आणि त्यासाठी वाकडी वाट करणारी माणसं फक्त माझ्या माहेरची असतात. ते खरंच आहे. माझ्या लहानपणी अलिबागला जाताना माझे वडील न चुकता या दुकानापाशी थांबायचे आणि गाडीत बसताच पुडा सोडायचे.

इथलं पनीर म्हणजे वेगळंच प्रकरण. मुरवलेलं दूध बांबूच्या इवल्या टोपल्यांत अलगद ओतायचं, पाणी निथळू द्यायचं आणि ती मऊ चकती त्याच पाण्यात मीठ घालून तरंगत ठेवायची. दात नसलेल्यानंही खावं असं. आत्ताच्या मालकांच्या आजोबांनी एका पारशी बंगल्यात नोकरीला असताना ही कला उचलली आणि घरच्या मिठागरातलं मीठ घालून ती आपलीशी केली. मिठागर जासईच्या बाजूला होतं. तिथे आता कंटेनर रचलेले असतात.

गल्लीत वळलो आणि मला दुकानच सापडेना. दोन्ही बाजूंची दुकानं गायब होती. त्यांच्या जागी निळे पत्रे उभे होते आणि मध्ये हे एकटं, कौलारू, दात पडलेल्या तोंडात एखादाच उरावा तसं. पत्र्यांवर उंच टॉवरचं रंगीत चित्र होतं. दुकानाची जागा कुठे येते ते मी चित्रात शोधलं, तर तिथे पोहण्याचा तलाव. दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगाची फुली मारली होती आणि समोर जेसीबी सोंड टेकून उभा होता. ड्रायव्हर नव्हता.

आत मालक काका पाटावर बसून कोऱ्या टोपल्या धूत होते. ऐंशीच्या घरातले, अंगात बंडी, चेहरा खुशीत. गल्ल्यावर त्यांची सून होती. माझ्याकडे पाहून ती हसली नाही.

"एवढ्या नव्या टोपल्या, काका?"

"मंग? दुकान वाढवायचं हाय ना! पोरांनी ठरवलंय. मी कागदांवर सही पन देऊन मोकला झालो. उद्या सकालीच नारल वाढवतो, मंग तो जेसीबी कामाला लागंल, काय?"

"वा! अभिनंदन!" मी म्हटलं, आणि सुनेचा हात बरणीच्या झाकणावर थबकला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. आमच्याकडे दुकान 'बंद केलं' असं कुणी तोंडातून काढत नाही. अशुभ वाटतं. रात्री फळ्या लावायच्या तरी म्हणायचं, दुकान वाढवलं. बांगडी फुटली तरी वाढवली. बाहेरची फुली, तो तलाव, ते पत्रे एकदम माझ्या अंगावर आले. पोरं बापाशी खोटं बोललीच नव्हती. शब्द तेवढा बरोबर निवडला होता.

मला संताप आला. नवऱ्यानं माझा चेहरा ओळखला आणि कोपरानं ढोसलं. "नसत्या भानगडीत पडू नकोस," तो पुटपुटला. सूनही माझ्याकडे बघून मान हलवत होती, नाही, नाही. पण उद्या सकाळी हा माणूस आपल्या हातानं नारळ फोडून त्या यंत्राला आत बोलावणार होता. सही गेलीच होती, निदान आजची संध्याकाळ तरी त्याच्या हातात होती.

"काका," मी म्हटलं, "पोरं वाढवणार म्हणाली, म्हणजे बंद तर नाही ना करणार?"

काका खो-खो हसले. "अगो बाय, ती आमची जुन्या मानसांची बोली! पोरं शिकलेली हायत. त्यांना कुठला आलाय तो अर्थ? ती वाढवायचं म्हनली म्हंजे मोठंच करायचं."

मी सुनेला एक चकती बांधायला सांगितली. बाहेर कुणीतरी जेसीबीवर चढलं, दार आपटलं आणि उतरून निघून गेलं. काकांनी ओली टोपली झटकली आणि सुनेला सहज विचारलं, "उद्याचं दूध किती सांगितलंस गो? जास्ती सांग. मानसं येतील."

सून माझी चकती कागदात बांधत होती. गाठ तिला काही केल्या जमेना.

"काय गो?"

"दूध नाय सांगितलं, बाबा."

"इसरलीस?"

"नाय."

काकांच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या त्या यंत्राकडे. मला वाटलं आता ओरडतील, मुलांना फोन लावायला सांगतील. मला तेच हवं होतं. पण ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, माझ्या हातात पनीर भरलेली एक टोपली दिली, जशीच्या तशी, पाण्यासकट, आणि सुनेला म्हणाले,

"मंग आज शटर ओढू नको. मी रातभर हितंच बसतो."