तोटीखालची वाटी

वंदना गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. धाकट्या दिरांनी एवढंच सांगून फोन ठेवला. मी गॅस बंद केला, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की यंदा पन्हं माझंच. सांगायला लाज वाटते, पण आला खरा. वंदना माझी धाकटी जाऊ. माणूस गेलं की त्याचं सगळं गोड म्हणायची रीत आहे. मला ती जमणार नाही. मी तिच्यावर जळत होते, आणि अजूनही थोडी जळते.

लग्न होऊन अमरावतीच्या या घरात आल्यापासून उन्हाळ्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला सरबताचा ट्रे माझ्याच हातात असायचा. पाहुणा दोनदा ‘नको’ म्हणणार, तिसऱ्यांदा घेणार, हा आमच्याकडचा शिरस्ता. सासूबाई तर माझ्याशिवाय कोणाच्या हातचा ग्लास घ्यायच्या नाहीत. मग सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, वंदना आली आणि मला न विचारता तिनं अंगणातल्या कडुनिंबाखाली टेबल मांडलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेले तीन तोटीचे माठ; एकात पन्हं, एकात लिंबू-सब्जा, एकात मठ्ठा. उपडे ग्लास, बर्फाचा डबा, चिमटा, आणि पन्ह्याची तोटी गळते म्हणून तिच्याखाली एक वाटी. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. मी मनात म्हटलं, झाली घराची शोभा! आणि अर्धा तास खरंच कोणी तिकडं फिरकलं नाही. कोणीतरी येऊन ‘घ्या ना’ म्हणेल म्हणून सगळे वाट पाहत बसले. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वंदनानं मात्र दूर खुर्ची टाकली, टेबलाकडं पाठ करून बसली आणि मला म्हणाली, “ताई, तुमीबी इकडं तोंड करा. आपण पाह्यत असलो का पावना अर्धाच गिलास घेते.”

पहिल्या उठल्या त्या सासूबाई. काठी टेकत गेल्या, स्वतः तोटी फिरवली, काठोकाठ ग्लास भरून प्यायल्या आणि पुन्हा भरला. त्यांचं बालपण नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात गेलं. “लहानपनी मले लोक वरून पानी टाकत, ओंजळीत,” त्या म्हणाल्या. “आज तोटी माह्या हातात हाय.” मग काय, रांगच लागली. माझ्या इतक्या वर्षांच्या ट्रेमध्ये जे नव्हतं ते तिच्या माठात निघालं... आणि हे मला सुचलं नाही, याचीच आग जास्त होती. तेव्हापासून घरात काहीही असलं की वंदनाला अकोल्याहून बोलावणं. मी हट्टानं त्या टेबलावरचा एक घोटही कधी घेतला नाही. तिला ते कळत होतं. दर वेळी निघताना विचारायची, “ताई, तुमी नाही घेतलं?” घसा धरतो, असं सांगून मी टाळायची.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, आम्ही अकोल्याला गेलो. तिनं उन्हाळ्यासाठी करून ठेवलेल्या कैरीच्या गराची एक बाटली फ्रीजमध्ये तशीच होती. उन्हातून आलेल्या माणसांसाठी मीच त्याचं पन्हं केलं, तिच्याच माठाला ओलं फडकं गुंडाळलं, गळक्या तोटीखाली वाटी ठेवली आणि दूर पाठ करून बसले. सासूबाई उठल्या नाहीत. “आज तूच दे,” म्हणाल्या. सहा वर्षं मला हेच हवं होतं. मी ग्लास नेऊन दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि बाजूला ठेवला.

सगळे गेल्यावर मी तोटी फिरवली आणि उभ्या उभ्याच ग्लास संपवला. तिच्या गराचं ते पन्हं माझ्या पन्ह्यापेक्षा चांगलं होतं. घरात हे अजून कोणाला बोलले नाही, इथंच पहिल्यांदा लिहिते आहे. दुसरा ग्लास भरायला गेले तर माठ रिकामा झाला होता... वाटीत थेंब थेंब साठलेलं घोटभर होतं. तेही मी प्यायले.