सोड्याची जुडी

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचे नाव निघाले की लोकांना ढोल आठवतात, मोरपिसांचे टोप आठवतात. मला त्या होळीच्या वाटेवर, एका खडकाळ उतारावर फुटून पडलेल्या सोड्याच्या बाटल्या आठवतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता पुसट झाले आहेत. हे प्रकरण कागदावर किरकोळ होते, पण ते काही केल्या पुसले जात नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आमचा कारभार धुळ्याहून चाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. ठाणे कौलारू, पुढे एक कडुनिंब आणि हद्द मात्र डोंगरात लांबवर गेलेली. गावात अहिराणी बोलत, डोंगरात भिली आणि पावरी. मी घाटावरचा. पहिले वर्षभर जबाब घेताना हवालदाराला दुभाषा म्हणून शेजारी बसवावे लागे.

गावात सोड्याचे दोन कारखाने होते. कारखाना म्हणजे हाताने फिरवायचे एक यंत्र, गॅसची टाकी, गोटीच्या बाटल्या आणि मागे धुण्याचा हौद. त्यातला एक दोघा भावांचा. थोरल्याने सुरतेला राहून हे काम शिकले होते. यंत्र त्यानेच आणले आणि बाप गेल्यावर धाकट्याला त्यानेच हाताशी घेतले. रस्त्यापलीकडे दुसरा सोडावाला होता. त्याचे आणि या भावांचे कधी पटले नाही.

डोंगरात सोडा नेणे ही मोठी अडचण होती. लाकडी खोकी पायवाटेने चढत नाहीत, आणि टोपलीत घातलेल्या सुट्या बाटल्या एकमेकींवर आपटून फुटतात. धाकट्याने त्यावर एक युक्ती काढली. धावड्याचा डिंक डोंगरातून येतोच. तो त्याने खळीत शिजवून घट्ट केला. गोणपाटाची जाड पट्टी घेऊन तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बाटल्या पोटाशी चिकटवल्या आणि पट्टीच्या वरच्या टोकाला सुतळीचा कान शिवला. डिंक वाळला की चार बाटल्यांचा एक गठ्ठा तयार. कानाला धरून उचलावा, नाहीतर कावडीला टांगावा. प्यायच्या वेळी बाटलीला पीळ दिला की ती सुटते, आणि रिकामी बाटली परत आली की कोमट पाण्यात उरलेला डिंक निघून जातो.

मेथीच्या जुडीवरून लोक त्याला सोड्याची जुडी म्हणू लागले. पावसाळ्यात डिंक ओल धरतो म्हणून तेवढे महिने जुडी बंद असे. पण होळी आणि लग्नसराई कोरड्या दिवसांतच येतात. थोड्याच काळात पाड्यापाड्यांवरून मागणी येऊ लागली. धाकट्याला नावाने कोणी हाक मारीनासे झाले. तो 'जुडीवाला' झाला.

त्या साली होळीच्या आधी एका दुपारी वरच्या पाड्याचा पोलीस पाटील ठाण्यात आला. उन्हातून चालत आल्याने त्याला धाप लागली होती. पाणी पिऊन तो मोडक्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, जुडीवालाना माल फुटना. आमना एक पोऱ्याना डोया गया."

मी हवालदाराला घेऊन निघालो. गाडीवाट संपते तिथून पुढे कावडीने माल वर चालला होता. उतारावर एका कावडीच्या जुड्या पटापट सुटल्या आणि बाटल्या खडकावर पडल्या. आत गॅस दाबून भरलेला असल्याने गोटीची बाटली नुसती फुटत नाही, उडते. एक काच कावडवाल्याच्या डोळ्यात घुसली होती. विशीतला भिल्ल तरुण होता तो, आणि त्याचे लग्न ठरलेले होते.

पंचनाम्याच्या वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. कावडीला गोणपाटाच्या पट्ट्या तशाच लोंबत होत्या. कान शाबूत, शिवण शाबूत. पट्ट्यांवर डिंकाचे चट्टेही वाळलेले, पण त्यांचा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत होता. म्हणजे डिंक तुटला नव्हता, तो काचेला धरलाच नव्हता. पट्ट्या आणि न फुटलेल्या बाटल्या मी मुद्देमालात घेतल्या.

धाकटा त्या वेळी काठीला दुकानाची जागा धरायला पुढे गेला होता. खबर कळताच तो उलट खाली आला, त्याने जखमीला दवाखान्यात पोचवले आणि तिथून स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवून मी त्याला अटक केली. त्याने विरोध केला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, मन्हा डिंक असा सुटाव नही."

संध्याकाळी थोरला डबा घेऊन आला. शांत, नीटस, डोक्यावर पांढरी टोपी. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तो लहान शे, साहेब. डोकं चालस त्यानं, पन जरा जास्तीच चालस. मी सांगं व्हतं त्याले, डिंकवर भरोसा ठेऊ नको."

मी विचारले, "जामीन राहताय?"

तो किंचित हसला. "एक दिन ऱ्हाऊ द्या. अक्कल येई."

भावाला कोठडीत पाहून माणसे रडतात, भांडतात, वकील आणतात, देवळात नवस बोलतात. सणाच्या तोंडावर भावाला आत राहू द्या म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणे सुरू होते की हे काम रस्त्यापलीकडच्या सोडावाल्याचे. ठाणे अंमलदाराकडे दोन-तीन प्रतिष्ठित मंडळी येऊन तेच सांगून गेली. मी त्याला बोलावून घेतले. जाडजूड, तोंडाळ माणूस. बसायच्या आधीच बोलू लागला.

"माले माहीत शे, गाव मन्हं नाव ली ऱ्हायनं."

"त्याचा हेवा वाटतो तुम्हाला?"

"जळस ना. खोटं कसाले बोलू? त्यानी जुडी दखी का मन्हा पोटमा आग पडस."

"मग तुम्हीच काही केलंत?"

"करतू तर मी बी जुडीच करतू. माले ती जमनीच नही."

आणि मग त्याने आपणहून सांगितले की त्याने दुसऱ्या माणसाच्या हातून त्याच आठवड्यातली एक जुडी विकत आणवली होती. डिंकात काय घातले आहे ते शोधायचे होते. जुडी अजून त्याच्या मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. आम्ही जाऊन पाहिले. मी ती काढून चांगली हलवली, हवालदाराने हिसके दिले. एकही बाटली हलली नाही. सोडावाला भिंतीला टेकून उभा होता. तो कडवट तोंडाने म्हणाला, "दखं ना, कशी बसेल शे."

एकाच आठवड्याचा माल, एकच डिंक. एक जुडी हिसक्यालाही सुटत नव्हती, आणि कावडीवरच्या जुड्या नुसत्या चालण्याने सुटल्या. म्हणजे फरक डिंकात नव्हता. तो बाटलीत असला पाहिजे.

ठाण्यात दोन पंचांना बसवून मी मुद्देमालातली एक बाटली काढली. सोडावाल्याच्या जुडीची एक बाटली पीळ देऊन सोडवली आणि तिचा डिंक कोमट पाण्याने धुतला. दोन्ही आडव्या ठेवून पोटावर पाणी ओतले. सोडावाल्याकडच्या बाटलीवर पाणी पसरले. मुद्देमालातल्या बाटलीवर त्याचे थेंब झाले आणि घरंगळून गेले. बोट फिरवून पाहिले, तर तेल. खाण्याचे नव्हे, यंत्राला घालतात ते काळपट तेल, पातळ पुसलेले. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतके पातळ.

भावांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला एक वयस्क बाई येत असे. तिचा जबाब घेतला.

"माल भरला त्या दिवशी बाटल्या कुणी पुसल्या?"

"थोरला शेठनी. सोता पुस्यात. माले सांगं, मावशी, सण शे, तू घर जाय."

"रोज कोण पुसतं?"

"मीच. शेठ कधी हात लावस नही. माले वाटनं, सण शे म्हनीसन दया उनी त्याले."

"कशानं पुसल्या?"

"यंत्रना जोडे फडकं ऱ्हास ना, ते व्हतं त्याना हातमा. मी म्हनं, शेठ, ते तेलकट शे. तो बोलना, तू जाय."

त्या यंत्राला थोरल्याशिवाय कोणी हात लावत नसे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते.

थोरल्याला मी दुपारी बोलावले. माझा दंडुका टेबलावरून काढून ठेवला, त्याला चहा दिला आणि यंत्राविषयी विचारू लागलो. तो खुलला. सुरतेला कसे राहिलो, मालकाने यंत्राला हात लावू द्यायला किती काळ लावला, हे यंत्र रेल्वेने आणून बैलगाडीवर कसे चढवले, सगळे रंगून सांगत होता. त्याच्या बोलण्यात धाकटा कुठेच नव्हता. मग मी दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि पाणी ओतले.

तो पाहत राहिला. थेंब टेबलावरून खाली पडले.

"फडकं यंत्राचं होतं," मी म्हणालो. "बाईंनी पाहिलंय."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, त्याले बाटली धराले मी शिकाडं. गोटी कशी बसस, गॅस कितला भराना, बठ्ठं मी. आनि आते गिऱ्हाईक दुकानमा येस, मन्हा तोंडकडे दखस आनि इचारस, जुडीवाला कोठे शे? मी तठे नसल्यावानी."

"धंदा तर दोघांचा होता. फायदा तुमच्याच घरात येत होता."

"घरमा येत व्हता. नाव कोठे येत व्हतं?"

"समोरच्यानं जुडी काढली असती तर?"

"तर मी त्याना संगे भांडतू, आनि इसरी जातू. हाऊ मन्हा हातखालना शे."

"त्या पोराचा डोळा गेला."

त्याचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. "ते माले नको व्हतं, साहेब. माले फक्त जुड्या सुटाले पाहिजे व्हत्यात. काठीमा, लोकेसना समोर. लोके हासाले पाहिजे व्हतात त्याले."

एवढेच त्याला हवे होते. वाट चढणीची आहे, जुडी काठीपर्यंत टिकणार नाही, खाली कुणाचे तरी तोंड असेल, हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. मत्सराला फक्त एक माणूस दिसतो. मधले सगळे त्याच्या लेखी नसतात.

मी कोठडीकडे गेलो आणि धाकट्याला सगळे सांगितले. मला वाटले होते की तो ओरडेल, नाहीतर विश्वास ठेवणार नाही. तो गजांना धरून उभा राहिला आणि त्याने विचारले, "म्हंजे डिंक बरोबर व्हता ना, साहेब?"

"बरोबर होता."

त्यानंतर तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड लपवले.

धाकट्याची सुटका झाली. थोरल्यावर दोषारोपपत्र गेले आणि त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. काही महिन्यांची सक्तमजुरी झाली. कावडवाल्या तरुणाचा डोळा वाचला नाही. मुलीकडचे लग्न मोडतील अशी भीती होती, पण तिनेच ते मोडायला ठाम नकार दिला असे पोलीस पाटलाने येऊन सांगितले. लग्न थोडे पुढे गेले, पण झाले. धाकटा स्वतः सोडा घेऊन वर गेला. बाटल्या गवतात गुंडाळून टोपलीत नेल्या होत्या. जुडी त्याने पुन्हा केली नाही.

एक दिवस रस्त्यापलीकडचा सोडावाला सरळ त्याच्या दारात गेला आणि म्हणाला, "तू नही करस तर माले शिकाड." धाकट्याने त्याला बसवून सगळे शिकवले. डिंक किती, खळ किती, बाटली कशी कोरडी करायची, सगळे.

या प्रकरणाने मला तपासाची एक रीत दिली. लांबच्या माणसाचा हेवा लोक चारचौघांत बोलून दाखवतात, आणि बोलल्याने तो निम्मा निघून जातो. जवळच्याचा हेवा मात्र बोलायची सोय नसते. त्याला काळजीचे, उपदेशाचे, मोठेपणाचे कपडे घालावे लागतात. पुढे कुठल्याही नासधुशीच्या गुन्ह्यात फिर्यादीचे शत्रू कोण, हे मी दुसऱ्यांदा विचारी. आधी विचारी, याचे नाव झाल्यावर घरात कुणाचे नाव मागे पडले.

थोरला सुटला त्या दिवशी मी एका कैद्याच्या कामासाठी जिल्ह्याच्या तुरुंगावर गेलो होतो. फाटकाबाहेर धाकटा टांगा घेऊन उभा होता. थोरला बाहेर आला, वाळलेला, केस पिकलेले. भावाच्या पाया पडायला धाकटा वाकला. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "जुडी चालू शे का?"

"नही. बंद करी टाकी."

थोरल्याचा चेहरा सैल झाला. क्षणभरच, पण मी जवळ उभा होतो, मला दिसले.

धाकटा म्हणाला, "समोरना करस आते. मी शिकाडं त्याले."

"बरं करं," थोरला म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

धाकटा त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने भावाची वळकटी उचलून टांग्यात ठेवली, हात देऊन त्याला वर चढवले, अंगावर ऊन येऊ नये म्हणून मागचा पडदा सोडला. त्याच्या शेजारी जागा रिकामी होती. तो मात्र पुढे जाऊन टांगेवाल्याजवळ बसला. भावाला घरी नेणे आणि भावाच्या शेजारी बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कर्तव्याने होते. दुसरी पुढे त्यांच्यात झाली की नाही, ते मला कधी कळले नाही.