सात मानाच्या शेकोट्या

"धुकं म्हना, भाऊसाहेब. धुक्यावर कोनी खटला भरत नाही."

शेजारच्या गावचे पाटील हे बाबांच्या कानाशी बोलले, तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. अकोल्याच्या आमच्या बैठकीत चौकशीचे साहेब बसले होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आमच्या स्वागत समितीला इंग्रजी. अमरावतीच्या कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी निदान आज तरी तोंड उघडेल, या आशेवर बाबांनी मला दुभाषी नेमलं होतं.

कोपऱ्यात वैमानिक बसला होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. तो मद्रासकडचा. चूक त्याची ठरली तर त्याचा परवाना जाणार होता. एवढं त्याला ठाऊक होतं. पण समोरची माणसं त्याच्याचविरुद्ध बोलताहेत, हे कळत नव्हतं. म्हणून प्रत्येकाकडे बघून तो सौजन्याने मान हलवत होता.

आठवड्यापूर्वी त्याच्या लहानशा विमानातून मंत्री आले होते. त्याआधी त्याचं पत्र आलं, ते मीच समितीला वाचून दाखवलं. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून धावपट्टीच्या टोकाला एक लहान शेकोटी पेटवावी. धुकं असेल तर मुळीच पेटवू नये.

समिती पहिल्या वाक्यावरच अडली. पेटवणार कोण? आमच्याकडे होळीचा मान कोणाचा ते ठरलेलं असतं. विमानाच्या शेकोटीचं मात्र वाडवडिलांनी काही ठरवून ठेवलं नव्हतं. "मी कावून त्याच्या मांगं उभा राहू?" असं एकामागून एक सात जण म्हणाले. बाबा अध्यक्ष, आणि भांडण मिटवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी सात शेकोट्या मंजूर केल्या. मी "एकच" म्हणाले, पण इतक्या हळू की ते पत्रालाही ऐकू गेलं नसेल.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. सकाळी धुकं होतं, पण नऊपर्यंत ते विरलं. तेवढ्यात सातही जणांनी ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीची ती भिजलेली झाडं जळेनात, नुसती धुमसू लागली. दुसऱ्याचा धूर आपल्यापेक्षा उंच गेला की जो तो आणखी एक भारा टाकी. विमानाचा आवाज दोनदा डोक्यावरून फिरला. तिसऱ्यांदा ते खाली आलं ते तुरीच्या शेतात. बांधाला चाक अडकलं आणि ते नाकावर उभं राहिलं. मंत्र्यांना खरचटलंसुद्धा नाही. त्यांना बाहेर ओढून काढायच्या आधीच गळ्यात दोन हार पडले होते, तेही ठरलेल्या क्रमाने.

मी चहा घेऊन आत गेले. साहेबांनी विचारलं, उतरताना धावपट्टी कशामुळे दिसत नव्हती? मी प्रश्न मराठीत सांगितला.

"धुकं," सगळे म्हणाले.

"हाताले हात दिसत नोता," पाटील म्हणाले. "अशात हा उतरला कावून? आमी असतो तं उतरलो नसतो."

वैमानिकाने पाटलांकडे बघून मान हलवली.

"सांग बाई, साहेबाले," बाबा म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवला. आधी इंग्रजीत सांगितलं. मग, बाबांना ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून, तेच मराठीत सांगितलं.

"धुकं विरलं होतं. धूर आपला होता. पत्रात एक शेकोटी लिहिली होती, बाबा. आपण सात पेटवल्या."